पाचवा रकाना

माझे वडील महिन्यातून एकदा, पगार झाला की, आम्हा भावंडांना पुण्याच्या कॅम्पातल्या एका इराण्याच्या हॉटेलात घेऊन जायचे. संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडाच्या गोल पाठीच्या खुर्च्या, गल्ल्यामागच्या भिंतीवर जरथुष्ट्राची तसबीर. बनमस्का यायचा, लोणी बोटांना लागायचं, आणि वडील चहा बशीत ओतून आमच्यापुढे सरकवायचे. शेजारच्या टेबलावर हातगाडीवाला बसलेला असायचा, त्याच्या पलीकडे कोर्टात निघालेला वकील. हॉटेलाचा मालक कोणत्या धर्माचा, हे कॉलेजात जाईपर्यंत मला विचारावंसंही वाटलं नव्हतं. तो इराणी होता, एवढं पुरे होतं.

पुढे कळलं, की मुंबई-पुण्याच्या या इराण्यांत बहुतेक जण यज्द आणि केरमानकडून आलेले जरथुष्ट्री, आणि काही जण बहाई. यज्दमधल्या काही जरथुष्ट्री घराण्यांनी बहाई धर्म स्वीकारला होता, त्यांतलीच काही इकडे येऊन स्थायिक झाली. त्यांनी हॉटेलं टाकली. बहाईंनी १९४५ साली पाचगणीत न्यू एरा ही शाळा काढली. आपल्या लेखी ते सगळे एकच.

हे सगळं आठवायचं कारण एक सरकारी पत्र. एप्रिल २००७ मध्ये तेहरान प्रांतात सार्वजनिक ठिकाणांवर देखरेख ठेवणाऱ्या पोलीस कार्यालयाने आपल्या ठाण्यांना कळवलं, की बहाईंना अमुक-अमुक धंद्यांचे परवाने देऊ नयेत. त्या धंद्यांत किराण्याचं दुकान होतं, कबाबाचं दुकान होतं, आइस्क्रीम होतं, मिठाई होती, कॉफीची दुकानं आणि उपाहारगृहंही होती. कारण दिलं होतं ‘तहारत’, म्हणजे शुद्धता. बहाईचा हात लागलेलं अन्न मुसलमान गिऱ्हाइकाच्या पोटात जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

हे वाचल्यावर मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाही. या गोष्टीला आपल्याकडे शब्द आहे: विटाळ. वरून पाणी ओतणारे हात, वेगळी ठेवलेली कपबशी, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावात होतं आणि काही ठिकाणी अजून गेलेलं नाही. फरक असा, की आपल्या घटनेने ते गुन्हा ठरवलं आणि इराणच्या पोलिसांनी ते कार्यालयीन पत्रावर लिहून काढलं. ज्या माणसाच्या हातचा चहा मी पुण्यात लहानपणी प्यायलो असेन, त्याच्या चुलतभावाला तेहरानमध्ये चहाचं दुकान काढायची मुभा नाही. म्हणून हा प्रश्न मला परका वाटत नाही.

बहाई म्हणजे कोण, ते थोडक्यात सांगतो. १८४४ मध्ये शिराझच्या एका तरुण व्यापाऱ्याने आपण ‘बाब’, म्हणजे दार, असल्याचं जाहीर केलं. आपल्यामागून आणखी एक ईश्वरी दूत येणार आहे, असं तो सांगे. १८५० मध्ये तबरीझला त्याला गोळ्या घालून मारलं. त्याच्या अनुयायांपैकी बहाउल्ला यांनी १८६३ मध्ये बगदादमध्ये तो दूत आपणच असल्याचं सांगितलं. त्यांच्यापासून बहाई धर्म सुरू झाला. महंमद पैगंबरांनंतर कोणी प्रेषित येणार नाही, ही इस्लामची पायाभूत श्रद्धा. बहाईंचा दावा तिच्या थेट आड येतो. त्यामुळे उलेमांना तो सलतो, हे मी समजू शकतो. धर्मशास्त्रात असे वाद व्हायचेच, आणि एखाद्या मौलवीने बहाई मत चूक आहे असं प्रवचनात सांगितलं तर त्याचाही तो हक्कच आहे. माझं भांडण तिथे नाही. हे मत सरकारी शिक्क्यावर आणि ओळखपत्राच्या अर्जावर उतरतं, तिथे माझं भांडण सुरू होतं.

इराणची १९७९ ची घटना धर्मस्वातंत्र्याबद्दल काय म्हणते? बाराव्या कलमात राज्याचा धर्म इस्लाम, आणि त्यातला जाफरी शिया पंथ. तेराव्या कलमात तीन नावं: जरथुष्ट्री, यहुदी आणि ख्रिस्ती इराणी हेच मान्यताप्राप्त धार्मिक अल्पसंख्याक. त्यांना आपल्या विधींचं, लग्न-वारशाच्या नियमांचं आणि धर्मशिक्षणाचं स्वातंत्र्य, तेही कायद्याच्या चौकटीत. २९० जागांच्या संसदेत त्यांच्यासाठी पाच जागा राखीव: आर्मेनियन ख्रिस्त्यांना दोन, असिरियन आणि कॅल्डियन ख्रिस्त्यांना मिळून एक, यहुद्यांना एक, जरथुष्ट्रींना एक. इराणचे अधिकारी बाहेरच्या पाहुण्यांना या पाच जागा अभिमानाने दाखवतात. त्या दाखवण्यासारख्या आहेतही. शेजारच्या काही देशांत एवढंही नाही.

पण देशातला सर्वांत मोठा बिगरमुस्लिम समाज या यादीत नाही. बहाईंची संख्या साधारण तीन लाख मानली जाते. तीन नावांची यादी करताना घटनाकारांच्या नजरेतून तीन लाख माणसं चुकून सुटली, असं कोणी म्हणणार नाही. त्यांना वगळण्यासाठीच यादीला कुंपण घातलं गेलं.

या यादीचं रोजच्या जगण्यात काय होतं ते ओळखपत्राच्या अर्जावर दिसतं. राष्ट्रीय ओळखपत्राशिवाय इराणमध्ये बँकेचं कर्ज मिळत नाही, मालमत्तेचा व्यवहार होत नाही. अर्जात धर्माचा रकाना होता, आणि त्यात इस्लाम, ख्रिस्ती, यहुदी, जरथुष्ट्री यांच्याखाली ‘इतर धर्म’ असा पाचवा पर्याय होता. जानेवारी २०२० मध्ये हा पाचवा पर्याय काढून टाकला गेला. उरले चार.

आता अर्ज भरायला बसलेल्या बहाई माणसापुढे काय वाट आहे? चारांपैकी एकावर खूण करायची आणि कार्ड घ्यायचं. कोणी तपासायला येणार नाही, आणि मनात काय आहे ते मनातच ठेवता येईल. पण आपली श्रद्धा नाकारायची नाही, हा बहाईंचा नियम आहे, आणि तो ते पाळतात. त्यांच्या छळाची सगळी गोष्ट या एका ठिकाणी येऊन थांबते. राज्य त्यांच्याकडे पैसा मागत नाही, जमीन मागत नाही (ती पुढे घेतेच, ते वेगळं). आधी मागतं ते एक लहानसं खोटं. तेवढं बोला, दुकान उघडेल, मुलगी कॉलेजात जाईल, पेन्शन सुरू होईल. आणि तीन लाख माणसं चाळीसहून अधिक वर्षं ते बोलत नाहीत. सच्च्या माणसाला खोटं बोलायला लावणारा अर्ज छापणारं राज्य स्वतःला धर्मराज्य म्हणवतं, याचं मला खरोखर दुःख होतं.

कॉलेजचं उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी इराणच्या सर्वोच्च सांस्कृतिक क्रांती परिषदेने ‘बहाई प्रश्ना’वर एक गोपनीय टिपण तयार केलं. त्याला तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनेई यांची संमती होती. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीने १९९३ मध्ये ते उजेडात आणलं, म्हणून जगाला कळलं. त्यात असं होतं, की बहाईंशी अशा रीतीने वागावं की त्यांच्या प्रगतीच्या वाटा बंद होतील. विद्यापीठात प्रवेशाच्या वेळी किंवा शिकत असताना कोणी बहाई असल्याचं कळलं, तर त्याला काढून टाकावं. स्वतःला बहाई म्हणवणाऱ्याला नोकरी देऊ नये. माणसं मारायची नाहीत, पोटापुरतं मिळू द्यायचं, पण वर येऊ द्यायचं नाही. हे टिपण माझ्या मते १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर बहाईंना दिलेल्या फाशींपेक्षाही थंड डोक्याने लिहिलेलं आहे. फाशीमागे निदान क्रांतीच्या दिवसांतला उन्माद होता असं कोणी म्हणेल. इथे एक समिती बसली, मुद्दे काढले, क्रमांक घातले.

२००४ पासून प्रवेशपरीक्षेच्या अर्जावरून धर्माचा प्रश्न काढू, असं सरकारने सांगितलं. बहाई मुलं आशेने परीक्षेला बसली. हातात आलेल्या कागदावर त्यांच्या नावापुढे धर्म म्हणून ‘इस्लाम’ छापलेलं होतं. पुढच्या वर्षांत नवी युक्ती आली. निकाल पाहायला गेलं की गुणांच्या जागी एक ओळ दिसते, जिचा अर्थ ‘कागदपत्रं अपुरी’ असा होतो. कोणता कागद कमी आहे ते लिहिलेलं नसतं. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही आईबापाने ही ओळ मनात आणून पाहावी. दोन वर्षं क्लास लावले, पहाटे चारला उठून अभ्यास केला, पोरीला चांगले गुण असणार हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि पडद्यावर येतं: कागदपत्रं अपुरी. खेटे घालायला कार्यालय आहे, अर्ज घ्यायला कारकून आहे, फक्त उत्तर नाही.

यावर बहाईंनी काय केलं, तर १९८७ मध्ये स्वतःचं विद्यापीठ उभं केलं. इमारत नाही. वर्ग लोकांच्या दिवाणखान्यांत, प्रयोगशाळा कुणाच्या तरी तळघरात, टिपणं टपालाने आणि पुढे संगणकावरून. नोकरीवरून काढलेले बहाई प्राध्यापकच शिकवायला. मे २०११ मध्ये या घरांवर एकाच वेळी छापे पडले आणि शिकवणाऱ्यांना तुरुंगात टाकलं. गुन्हा काय, तर रसायनशास्त्र आणि वास्तुशास्त्र शिकवणं. तरीही ते वर्ग बंद पडले नाहीत.

सरकारचा बचाव ठरलेला आहे. बहाई हा धर्मच नाही, तो राजकीय पंथ आहे, आणि हे लोक इस्रायलचे हेर आहेत. पुरावा काय? त्यांचं जागतिक केंद्र इस्रायलमधल्या हैफात आहे. तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की हा पुरावा गळून पडतो. बहाउल्लांना आधी इराणच्या शाहने हद्दपार केलं. पुढे १८६८ मध्ये उस्मानी सुलतानाने त्यांना हैफाजवळच्या अक्का इथल्या तुरुंगात पाठवलं, आणि १८९२ मध्ये ते त्याच परिसरात वारले. त्यांची समाधी तिथे आहे, म्हणून केंद्र तिथे आहे. इस्रायल नावाचं राज्य १९४८ मध्ये जन्मलं. ज्या दोन मुसलमान राजवटींनी त्यांना तिथे नेऊन सोडलं, त्यांचंच कृत्य आता त्यांच्या अनुयायांच्या माथी हेरगिरी म्हणून मारलं जातं.

हा आरोप खोटा आहे, याचा याहून मोठा पुरावा इराणच्या न्यायालयांनीच दिला आहे. १८ जून १९८३ च्या रात्री शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फाशी दिलं. सर्वांत लहान मोना महमूदनिजाद, वय १७. तिच्यावरच्या आरोपांत लहान मुलांना बहाई धर्माचे धडे देणं हा एक. तिच्या वडिलांना त्याच वर्षी मार्चमध्ये फासावर चढवलं होतं. या बायकांना पुन्हा पुन्हा एकच सांगितलं गेलं: इस्लाम स्वीकारा, सुटाल. दहापैकी एकीनेही ते केलं नाही. आता विचार करा, कोणत्या देशात हेराला धर्म बदलला म्हणून सोडून देतात? हेरगिरी खरी असती, तर कलमा पढून ती पुसली गेली नसती. सुटकेची अटच सांगते, की खटला श्रद्धेवर चालला होता.

त्या दहा जणी शिराझच्या बहाई दफनभूमीत आहेत. सुमारे साडेनऊशे कबरी तिथे होत्या. २०१४ मध्ये क्रांतिरक्षक दलाने तिथे खोदकाम सुरू केलं. जिवंत माणसाला दुकान नाही आणि मेलेल्याला माती नाही. क्रांतीनंतर दोनशेहून अधिक बहाईंना मारलं गेलं. मझांदरान प्रांतातल्या इवेल गावातल्या त्यांच्या जमिनी २०२० मध्ये न्यायालयाने जप्त ठरवल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये रोशनकूह गावातली घरं बुलडोझर लावून पाडली गेली. समाजाचं काम पाहणाऱ्या सात जणांना २००८ मध्ये धरलं होतं. त्यांतल्या महवश साबेत आणि फरीबा कमालाबादी दहा वर्षं भोगून सुटल्या आणि जुलै २०२२ मध्ये पुन्हा पकडल्या गेल्या. पुन्हा दहा वर्षं. महवश साबेत कविता लिहितात.

यादीबाहेरच्यांचं हे असं. पण यादीत असणं म्हणजे तरी स्वातंत्र्य आहे का? माझ्या मुख्य म्हणण्याकडे मी इथे येतो. धर्मस्वातंत्र्याची यादी केली, की ते स्वातंत्र्य राहत नाही, त्याचा परवाना होतो. परवाना देणारा तो मागे घेऊ शकतो, आखडता घेऊ शकतो, आणि घेतोच.

यज्दचे सेपंता निकनाम जरथुष्ट्री. २०१७ मध्ये ते शहर परिषदेवर पुन्हा निवडून आले, आणि त्यांना मतं देणारे बहुतेक मुसलमानच होते. कायदे आणि उमेदवार तपासणाऱ्या गार्डियन कौन्सिलच्या प्रमुखांनी म्हटलं, मुसलमानबहुल गावात बिगरमुसलमानाने प्रतिनिधी होणं शरीयतला धरून नाही. त्यांचं पद गोठवलं गेलं. पुढे जुलै २०१८ मध्ये दुसऱ्या एका उच्च मंडळाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि ते परतले. शेवट बरा झाला, पण पाहा: यादीतल्या पहिल्या नावाच्या धर्माचा माणूस, हजारो वर्षं त्याच मातीतला, मुसलमान शेजाऱ्यांनी निवडून दिलेला, तरी त्याचा हक्क एका पत्रावर लटकला. वारशाचं पाहा. मुस्लिमेतर कुटुंबात एक जण मुसलमान झाला, तर नागरी कायद्यातल्या एका कलमाप्रमाणे सगळा वारसा त्याच्याकडे जातो, बाकी भावंडं हात हलवत राहतात. जिवाच्या भरपाईची रक्कम, ज्याला दिया म्हणतात, ती मान्यताप्राप्त अल्पसंख्याकांसाठी मुसलमानाच्या बरोबरीची व्हायला २००४ साल उजाडलं. बहाई त्यात आजही नाहीत.

आणि ख्रिस्ती? यादीत ख्रिस्ती आहेत, पण ते जन्माने ख्रिस्ती असलेले आर्मेनियन आणि असिरियन. त्यांनी आपल्या चर्चमध्ये आपल्या भाषेत प्रार्थना करावी. फारसीत प्रार्थना केली, की संशय येतो, कारण फारसी मुसलमान शेजाऱ्याला कळते. मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मून ख्रिस्ती झालेले रश्तचे पाद्री युसेफ नदरखानी यांना २०१० मध्ये धर्मत्यागासाठी मृत्युदंड सुनावला गेला. गंमत नाही, गांभीर्याने सांगतो: इराणच्या दंडसंहितेत धर्मत्याग हा गुन्हा म्हणून लिहिलेलाच नाही. कायदा गप्प असेल तर फतव्यांचा आधार घ्यावा, असं घटनेचं १६७ वं कलम न्यायाधीशाला सांगतं, आणि त्या वाटेने फाशीची शिक्षा येते. जगभरातून ओरड झाल्यावर २०१२ मध्ये ते सुटले, आणि पुढे दुसऱ्या आरोपांखाली पुन्हा आत गेले. म्हणजे यादी श्रद्धेची नसून वंशाची आहे. आजोबांचा धर्म पाळायची परवानगी आहे, स्वतःच्या मनाने निवडायची नाही. ज्या मराठी माणसाला दीक्षाभूमी ठाऊक आहे, त्याला धर्म निवडण्याच्या हक्काचं मोल वेगळं सांगायला नको.

‘तो त्यांचा देश आहे, त्यांची संस्कृती आहे, पश्चिमेचे मानवाधिकार त्यांच्यावर का लादता?’ हा आक्षेप मी चांगल्या-चांगल्या माणसांकडून ऐकला आहे. त्याचं उत्तर इराणच्याच कागदांत आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला इराणने १९७५ मध्ये मान्यता दिली, आणि क्रांतीनंतरही त्यातून अंग काढून घेतलेलं नाही. त्याचं अठरावं कलम श्रद्धा पाळण्याचं आणि निवडण्याचं स्वातंत्र्य देतं. इस्लामी घटनेचं तेविसावं कलम म्हणतं, की कुणाच्या श्रद्धेची चौकशी करायला मनाई आहे, आणि केवळ एखादं मत बाळगतो म्हणून कुणाला छळता येणार नाही. धर्मात सक्ती नाही, हे तर कुराणाच्या दुसऱ्या सूरेत आहे. इराणच्या बहाईंना स्वीडनचा कायदा नको आहे. त्यांना इराणचं तेविसावं कलम हवं आहे.

दुसरा एक सूर आपल्याकडे वाढतो आहे, आणि त्याचा मला जास्त त्रास होतो. बहाईंची, पाकिस्तानातल्या हिंदूंची किंवा अहमदियांची हकीकत सांगितली, की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात, आणि ती इथल्या मुसलमान शेजाऱ्याला टोचायला वापरली जाते. अशा वेळी त्या दहा बायकांचं दुःख आपल्या खिशातला दगड होतं. मला ते मान्य नाही. इराणमध्ये बहाईंच्या बाजूने ज्यांनी किंमत मोजून तोंड उघडलं, ते बहुतेक मुसलमानच आहेत. आयातुल्ला मोंतजेरी एके काळी क्रांतीचे नेते खोमेनी यांचे ठरलेले वारसदार होते. २००८ मध्ये त्यांनी लेखी सांगितलं, की बहाई या देशाचे नागरिक आहेत, या पाण्या-मातीवर त्यांचा हक्क आहे. आयातुल्ला मासूमी तेहरानी यांनी २०१४ मध्ये बहाउल्लांच्या वचनांची सुलेखनात नक्षीदार चौकट स्वतःच्या हाताने तयार केली आणि बहाईंना भेट दिली. एका शिया धर्मगुरूने लेखणी तासून, सोनेरी रंग भरून, पाखंडी ठरवलेल्यांची वचनं वळणदार अक्षरांत काढावीत, यासाठी किती दिवस तो त्या कागदावर वाकून बसला असेल! माजी राष्ट्राध्यक्ष रफसंजानी यांची मुलगी फाएजे २०१६ मध्ये फरीबा कमालाबादींना भेटायला गेली. दोघी तुरुंगात एकत्र होत्या, फरीबांना पाच दिवसांची रजा मिळाली होती, मैत्रीण मैत्रिणीला भेटली. देशभर गहजब झाला, खुद्द वडिलांनी कान उघडणी केली. बहाई नेत्यांचं वकीलपत्र घेणाऱ्यांत शिरीन इबादी होत्या, त्याही मुसलमान.

आणि दुसऱ्याच्या यादीवर बोट ठेवताना आपल्या दाराकडेही पाहावं लागतं. आपल्याकडे काही राज्यांत धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. माणसाने देव बदलावा की नाही हे सरकारी टेबलावर ठरणार असेल, तर ते मला तेहरानमध्ये नको आहे आणि भोपाळमध्येही नको आहे. दोन्हींचं वजन सारखं नाही, हे मला कळतं. तत्त्व मात्र एकच आहे.

मुसलमानबहुल देशात यावर तोड निघतच नाही, असं समजायचं कारण नाही. इजिप्तमध्येही ओळखपत्रावर धर्म लिहावा लागे आणि पर्याय तीनच: इस्लाम, ख्रिस्ती, यहुदी. बहाईंना जन्मदाखला मिळेना, मुलांना शाळेत घालता येईना. प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयात चाललं. शेवटी मार्च २००९ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मान्य केलं, की त्या रकान्यात एक आडवी रेघ चालेल. बहाई हा शब्द लिहायला परवानगी नाहीच, पण खोटं लिहायची सक्तीही नाही. मला ही रेघ पुरेशी वाटत नाही. तरी ती एका घराला किती मोठी सुटका देते, हे ज्याच्या पोराला जन्मदाखला मिळाला त्यालाच विचारावं.

इथून आपण काय करणार, असं वाटतं खरं. म्हणून मुंबईची एक जुनी गोष्ट सांगतो, जी आपण विसरलो आहोत. एकोणिसाव्या शतकात यज्द-केरमानच्या जरथुष्ट्रींवर जिझिया होता. त्यांनी घोड्यावर बसायचं नाही, घराच्या भिंती शेजारच्या मुसलमानापेक्षा उंच बांधायच्या नाहीत, नवं रंगीत कापड अंगावर घालायचं नाही. (गावकुसाबाहेरच्या माणसांचे नियम ज्याने ऐकलेत त्याला ही सगळी कलमं तोंडपाठ असतील.) मुंबईच्या पारशांनी त्यांच्यासाठी निधी उभा केला आणि १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला पाठवलं. यज्दमध्ये त्यांना जेमतेम सात हजार जरथुष्ट्री उरलेले आढळले. हातरियांनी शाळा काढल्या, पडक्या अग्यारी बांधून घेतल्या, मुंबईच्या पैशातून लोकांचा जिझिया भरला, आणि शाहच्या दरबारात अर्जामागून अर्ज केले. १८८२ मध्ये नासिरुद्दीन शाहने जिझिया उठवला. अठ्ठावीस वर्षं लागली. हातरिया १८९० मध्ये तेहरानलाच वारले. याच हातरियांनी त्या काळच्या छळल्या जाणाऱ्या बहाईंशीही मैत्री ठेवली. बहाई विद्वान अबुल फजल गुलपायगानी त्यांच्याकडे चिटणीस म्हणून काम करत. बहाई ग्रंथ इराणमध्ये छापता येत नव्हते, तेव्हा ते मुंबईत शिळाछापावर छापले गेले. यज्दची आजची आतश बेहराम, म्हणजे जरथुष्ट्रींची मोठी अग्यारी, १९३४ ची, तिलाही भारतातल्या पारशांचा हातभार आहे.

त्या काळी मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे सैन्य नव्हतं, संयुक्त राष्ट्रं नव्हती. चिकाटी होती, पैसा होता, आणि हे आपलं काम आहे अशी खात्री होती. आज दिल्लीकडे इराणशी बोलायला कितीतरी निमित्तं आहेत: चाबहार बंदर, तेलाचा जुना व्यवहार, दोन्हीकडच्या मंत्र्यांच्या भेटी. संयुक्त राष्ट्रांत इराणविरोधी ठरावांच्या बाजूने भारत सहसा मत देत नाही. त्यामागचं परराष्ट्र धोरण मला समजतं, आणि ठरावाने फार काही हलतं असंही नाही. पण मैत्री असेल तर मित्राशी खाजगीत बोलता येतंच. ज्या देशाच्या राजधानीतलं बहाईंचं कमळ पाहायला रोज हजारो लोक रांग लावतात, आणि ते ज्याने रचलं तो फरीबोर्झ सहबा इराणीच होता, त्या देशाने तेहरानला दोन साध्या गोष्टी विचारायला हरकत नसावी. ओळखपत्राच्या अर्जावरचा पाचवा रकाना परत छापा. आणि ज्या मुलांची कागदपत्रं अपुरी आहेत, त्यांना कोणता कागद कमी आहे ते लेखी कळवा.